वडिलांना सांग

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

‘बाबांना कळू न देता भावाला गांजातून कसे बाहेर काढू?’ असे तू विचारतेस. कळू न देता तो बाहेर येणार नाही.

पीयूसीच्या दुसऱ्या वर्षातला, म्हणजे बारावीतला, तुझा भाऊ गांजासाठी उधारी करतो, ती तू शिकवणीच्या पैशांतून भागवतेस, आई कॉलेजात टायफॉइड झाल्याचे सांगते आणि वडील रात्रभर माग चालवून पहाटे बेळगावच्या वडगावात परततात, तेव्हा तुम्ही सगळे झोपेचे सोंग घेता. नशा एकट्याची आणि खोटे बोलणे तिघांचे! तू फेडलेल्या प्रत्येक उधारीने पुढच्या पुडीची सोय होते, हे तुला दिसत कसे नाही?

आवर घालणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणून सतराव्या वर्षी लागलेली सवय लवकर घट्ट होते, आणि सौंदत्तीला यल्लम्मापुढे घेतलेली शपथ मोडली म्हणून त्याला लबाड ठरवणे बरोबर नाही. गांजा थांबला की पहिले काही दिवस झोप उडते, भूक मरते, चिडचिड वाढते. तो ताट भिरकावेल आणि आई पदराच्या गाठीतली शंभराची नोट गुपचूप त्याच्या हातात कोंबेल. तो हात तुला धरावा लागेल.

पोलिसांची धास्ती असेल, तर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातले कलम ६४-अ वाच. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेऊ लागली, तर तिला खटल्यापासून संरक्षण आहे. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, १४४४६ हा राष्ट्रीय मदतक्रमांक आहे. तिथे कन्नड बोलावे लागेल, ही सबब मला सांगू नकोस. बाजारात तू माझ्याहून सफाईने बोलतेस.

मी आधी बापाला बोलावतो, म्हणून गल्लीत मला निष्ठुर म्हणतात. म्हणोत. मिरजेच्या मावशीकडे ‘शिकायला’ धाडलेली मुले अधिक खोलात जाऊन परतलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या बापांना सर्वांत शेवटी कळले होते. गल्लीला सांगू नकोस. वडिलांना आणि डॉक्टरांना सांग.

येत्या रविवारी, वडील जेवून बसले की बोल. आईची परवानगी मागू नकोस, ती अडवेल. वडिलांचा हात उठण्याची भीती आहे, तेव्हा काकांना शेजारी बसव. सोमवारी सकाळी मी मध्यवर्ती बसस्थानकावर धारवाडच्या गाडीपाशी उभा असेन. तुम्ही तिघे या, आणि वडील आल्याशिवाय गाडीत चढू नका.

तुझा,
सर