इंजिन बंद पडलं, दोष मात्र मुलाच्या माथी

प्रश्न : माझा मुलगा फ्लाइंग स्कूलमध्ये शिकत होता. चौदा महिन्यांपूर्वी सोलो (एकट्याने केलेल्या) उड्डाणात, टेक-ऑफनंतर तीनशे फुटांवर इंजिन बंद पडलं. धावपट्टीकडे परत वळताना विमान कोसळलं. त्याच्या मणक्याला मार बसला. अहवालात इंजिनातला बिघाड आणि वैमानिकाचा चुकीचा निर्णय, दोन्ही नोंदवलंय. संस्था भरपाई तर देत नाहीच, उलट विमानाच्या दुरुस्तीचे पैसे मागते. काय करू? – एक वडील, जळगाव

उत्तर : आधी एक करा, त्यांना रुपयाही देऊ नका आणि कसल्याही कागदावर सही करू नका. थोडी रक्कम भरलीत, तरी उद्या ती कबुली म्हणून कोर्टात दाखवतील. विमानाचा विमा होता का, त्याचे पैसे मिळाले का, हे त्यांना लेखी विचारा.

अहवालाची सुरुवातीची पानं पुन्हा वाचा. अपघात तपासाच्या 2017 च्या नियमांतला नियम 3 स्पष्ट आहे : तपास पुढचे अपघात टळावेत म्हणून असतो, दोष किंवा जबाबदारी ठरवायला नाही. निष्काळजीपणा कोणाचा, हे कोर्ट पुराव्यावरून ठरवेल.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. इतक्या कमी उंचीवर इंजिन गेलं तर नाक खाली करून समोरच्या मोकळ्या जागेत उतरायचं, मागे वळायचं नाही, असंच शिकवतात. वळताना वेग पडून विमान स्टॉल होऊ शकतं, म्हणजे पंखांची उचल संपून ते खाली येतं. त्यामुळे मुलाचा काही वाटा धरून भरपाई कमी होऊ शकते, पण तेवढ्याने दावा संपत नाही. दुसऱ्याच्या चुकीने जीव धोक्यात आलेल्या मुलाने काही सेकंदांत घेतलेला निर्णय कोर्ट सोन्याच्या तराजूत तोलत नाही.

माझा सगळा भर ट्रेनिंग फाइलवर राहील. इंजिन फेल्युअरचा सराव त्याच्याकडून कितीदा करून घेतला? सोलोसाठी सही कोणत्या इन्स्ट्रक्टरची? सोबत टेक लॉग (विमानातल्या बिघाड-दुरुस्तीची नोंदवही), इंजिनाचं लॉगबुक, त्या सकाळच्या इंधन तपासणीची नोंद हवी. इंधनात पाणी असलं तरी इंजिन बंद पडू शकतं; तसं निघालं तर उड्डाणाआधी टाकीतलं थोडं इंधन ड्रेन करून (बाहेर काढून) पाहिलं का, असं मुलालाही विचारतील. मेंटेनन्स चुकलं असेल तर बोट थेट संस्थेकडे जातं. हे कागद जपून ठेवा, अशी वकिलाची नोटीस संस्थेला याच आठवड्यात पाठवा.

ग्राहक आयोगात मुदत दोन वर्षांची, म्हणजे तुमच्या हातात दहा महिने. पण शिक्षणसंस्था ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाहीत, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2020 मध्ये म्हटलंय. मी असतो तर दिवाणी दावाच लावला असता. त्याला तीन वर्षं मिळतात. दवाखान्याची बिलं आणि प्रवेशाच्या वेळी सही केलेलं हमीपत्र आजच एका फाइलमध्ये लावा.