कोऱ्या जागा भरू नकोस

प्रिय पोरी,

तुझं टिपण वाचलं. नाझी छावणीतून वाचून इस्रायलला गेलेला आणि तिथे 1948 च्या युद्धात मेलेला तो ज्यू मुलगा, त्या एकाचीच तीन कागदांवर तीन जन्मसालं, 1926, 1929 आणि 1931. ठरवता येईना म्हणून तू मधलं घेतलंस. मधलं कदाचित खरंही असेल, पण मधलं असणं हा पुरावा नव्हे. तिन्ही लिही, प्रत्येक कोणत्या कागदावरचं ते लिही, आणि खऱ्या सालाची जागा कोरी ठेव.

अगं, त्या घोळातच त्याचं आयुष्य आहे! 1944 मध्ये हंगेरीतून आउश्विट्झच्या नाझी मृत्युछावणीत उतरणाऱ्या पोरांच्या कानात जुने कैदी कुजबुजत, वय वाढवून सांग. लहान वाटणाऱ्याला थेट विषारी गॅसच्या कोठडीकडे धाडत. म्हणून छावणीच्या कागदावर साल मागे जातं. 1945 मध्ये ब्रिटनने 16 वर्षांखालच्या अनाथांना घ्यायचं कबूल केलं, तेव्हा कित्येकांनी वय उतरवून सांगितलं. म्हणून युद्धानंतरच्या कागदावर साल पुढे सरकू शकतं.

नावाचंही तेच. हंगेरियन कागदावर आडनाव आधी येतं, हिब्रूत बहुतेक स्वर लिहीत नाहीत, आणि इस्रायलला पोचल्यावर अनेकांनी आडनाव बदललं. आरोल्सनच्या संग्रहात, म्हणजे नाझींच्या बळींच्या कागदपत्रांच्या जर्मनीतल्या दप्तरात, शोधताना सगळी रूपं टाकून बघ. आईवडिलांचा छावणी-क्रमांक सापडत नाही म्हणून ते तिथे पोचलेच नाहीत, असं मात्र समजू नकोस. उतरल्या उतरल्या मारलेल्यांना क्रमांक मिळतच नव्हता.

मृत्यूची तारीख हिब्रू पंचांगाची असेल तर जपून. आपली तिथी सूर्योदयाची धरतात, त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. इय्यार हा हिब्रू महिना; 16 इय्यार 5708 म्हणजे 24 मे 1948 च्या संध्याकाळपासून 25 मे च्या संध्याकाळपर्यंत. जेरुसलेमच्या वाटेवरच्या लात्रूनवर इस्रायलने केलेला पहिला हल्ला नेमका त्याच रात्रीचा. आणि 'जहाजावरून उतरलेली शेकडो मुलं तिथे मेली' हे तुझं वाक्य काढ. त्या हल्ल्यात इस्रायली बाजूचे सुमारे 70 जण पडले, त्यांत नवे आलेले थोडे होते. तुझ्या टिपणातला मुलगा त्या थोड्यांतला असेल तर त्याच्या तुकडीचा क्रमांक दे. क्रमांक मिळत नसेल, तर पुन्हा कोरी जागा.

आता ज्यावरून मला राग आला ते. फलाटावर हात सोडताना आई त्याला काय म्हणाली, हे तुला कुणी सांगितलं? जेरुसलेमच्या हर्झल टेकडीवर घराण्यातल्या शेवटच्या उरलेल्या सैनिकांचं वेगळं स्मारक आहे. ज्याच्या मागे पाणी द्यायलाही कुणी राहिलं नाही, त्याच्या आईच्या तोंडी घातलेलं वाक्य खोडायला कोण येणार? याला कुणी रूक्षपणा म्हणो, मी हट्ट सोडणार नाही. ते वाक्य काप. जागा कोरी राहू दे.

त्याच्या घरच्यांची साक्षपत्रं, म्हणजे मारल्या गेलेल्यांबद्दल नातलगांनी किंवा ओळखीच्यांनी भरलेले कागद, याद वाशेम या जेरुसलेमच्या स्मृतिसंस्थेत मिळाली नाहीत, म्हणून हिरमुसू नकोस. ती संस्थाच 1953 ची, पत्रं भरायला तोवर हा उरलाच नव्हता. एखाद्या गाववाल्याने भरलेलं निघालं, तर वरच्या नावांआधी खालची सही, नातं आणि तारीख बघ. 'शेजारी' लिहिलं असेल तर त्या शेजाऱ्याच्या नावाने भरलेली बाकीची पत्रंही काढ, आणि मगच मला कळव.