रुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये नेमक्या कोणत्या पेशी सांध्यावर उलटतात?

तुमच्या आईंना रुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे आणि 'प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते' असं डॉक्टर म्हणाले. मग कोणत्या पेशी उलटतात आणि प्रतिकारशक्ती वाढवणारं काही द्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नका देऊ. त्यांची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, भलतीकडे वळली आहे.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सुजलेल्या सांध्यातून काढलेलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की न्यूट्रोफिलच न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) दिसतात आणि सगळा दोष त्यांचाच वाटतो. पण खरा कारभार चालतो सांध्याच्या आतल्या अस्तरात, सायनोव्हियममध्ये. निरोगी माणसात त्याचा वरचा थर जेमतेम दोन-तीन पेशींचा असतो. या आजारात तो फुगून जाड होतो आणि तिथे टी पेशी, बी पेशी आणि मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) या प्रतिकारशक्तीच्या पेशी ठाण मांडतात.

सुरुवात बरीच आधी झालेली असते. शरीरातल्या काही प्रथिनांत किरकोळ रासायनिक बदल होतो, त्यातल्या आर्जिनीन या अमिनो आम्लाचं सिट्रुलीन होतं. विशिष्ट जनुकं असलेल्यांच्या टी पेशींना ते प्रथिन परकं वाटतं, त्या बी पेशींना चिथावतात आणि बी पेशी अँटिबॉडी बनवू लागतात. अँटी-सीसीपी या रक्तचाचणीत आपण याच शोधतो. दुखणं सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधीही त्या रक्तात सापडू शकतात. धूम्रपानाने हा धोका वाढतो.

पुढची सूज मुख्यतः मॅक्रोफेजमुळे. ते टीएनएफ, आयएल-6 अशी सूज भडकवणारी रसायनं सोडतात. त्याने अस्तरातले फायब्रोब्लास्ट (अस्तराची बांधणी करणाऱ्या पेशी) चेकाळतात आणि कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, कुरतडू लागतात. खरं तर ते प्रतिकारशक्तीच्या पेशीही नव्हेत. हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी मात्र मॅक्रोफेजच्याच कुळातल्या. एक्स-रेमध्ये हाडाच्या कडेला दिसणारे खड्डे त्यांचे.

इतकी रसायनं असताना एकट्या टीएनएफला अडवून काय होणार, अशी शंका पूर्वी होती. 1992 मध्ये लंडनला रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी रुग्णांना टीएनएफविरोधी इन्फ्लिक्सिमॅब देऊन पाहिलं आणि सूज झपाट्याने उतरली. पुढे बी पेशी नष्ट करणारं रिटुक्सिमॅब आणि टी पेशींची चिथावणी रोखणारं अबाटासेप्टही उपयोगी ठरलं. म्हणजे दोषी एकच पेशी नाही, साखळीतली कुठलीही महत्त्वाची कडी तोडली तरी फरक पडतो. मला सगळ्यात बोलकी वाटते ती आयएल-17 या अशाच आणखी एका रसायनाची गोष्ट. ते अडवणारी औषधं सोरायसिसच्या संधिवातात आणि अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये (मणक्याच्या संधिवातात) छान चालतात, रुमेटॉइडमध्ये मात्र तेवढा गुण येत नाही. बाहेरून सूज सारखीच, आतल्या पेशींचा खेळ वेगळा. म्हणून शेजारच्या कुणाला लागू पडलेलं औषध आईंना देऊ नका.

आणखी एक. शरीरात सुप्त असलेल्या टीबीच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचं काम टीएनएफच करतं. टीएनएफ अडवणारं इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टर टीबीची तपासणी सांगतात ती यासाठीच, ती टाळू नका. औषध चालू असताना ताप किंवा खोकला रेंगाळला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.