पाव्हलॉव्ह आणि स्किनर यांच्या उपपत्तींत नेमका फरक काय, आणि कुत्र्या-उंदरांवरचे प्रयोग मुलांना कसे लागू होतात?

टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) तयारीसाठी विचारलेल्या या प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे: ‘प्रयोग काहीही म्हणोत, शेवटी थोडा धाक लागतोच ना?’ मी लिहायला बसले ती या ओळीमुळे.

आधी परीक्षेपुरतं सांगते. पाव्हलॉव्हच्या अभिजात अभिसंधानात (क्लासिकल कंडिशनिंग) एक गोष्ट दुसरीची वर्दी द्यायला लागते. कुत्र्यानं काही करो वा न करो, ठोका वाजला की अन्न येतंच. पुढं नुसत्या ठोक्यानं लाळ सुटते. स्किनरच्या साधक अभिसंधानात (ऑपरंट कंडिशनिंग) जीव आधी काहीतरी करतो आणि मग त्याचं फळ मिळतं. पहिल्यात लाळ, धडधड, भीती, म्हणजे आपल्या ताब्यात नसलेलं सगळं येतं. दुसऱ्यात उंदरानं अन्नासाठी दांडा दाबणं, दार उघडणं, हात वर करणं. पाव्हलॉव्हना १९०४ चं नोबेल पचनसंस्थेवरच्या कामासाठी मिळालं, अभिसंधानासाठी नव्हे. प्रबलन म्हणजे वर्तन वाढवणारा परिणाम, आणि ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे. नको असलेलं काही टळलं म्हणून वर्तन वाढतं ते ऋण प्रबलन. वर्तन कमी व्हावं म्हणून केली जाते ती शिक्षा. बालमानसशास्त्राच्या ३० गुणांत या दोन जागी हमखास चूक होते.

नोट्समध्ये हे दोन प्रकार दोन चौकटींत असतात. पोराच्या अंगात ते एकाच वेळी चालू असतात, आणि तिथंच आपल्या शाळा चुकतात.

आमचं गाव खटाव तालुक्यात. मी चौथीत होते. गुरुजी रोज सकाळी एकेकाला उभं करून पाढे म्हणायला लावायचे. माझ्यावर एकोणीसचा आला. ‘एकोणीस पाचे पंच्याण्णव’पर्यंत धडाधड म्हटलं आणि ‘एकोणीस सक’ला थांबले. निरगुडीचा ओला फोक होता. आधी तळहातावर, मग पोटरीवर. किती बसले ते मोजले नाहीत, पण संध्याकाळी आईनं पोटरीला हळद लावली ते आठवतं.

त्या रात्री मी तो पाढा चुलीपुढं बसून आईला वीसेक वेळा म्हणून दाखवला. एकदाही अडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींच्या सायकलचं स्टँड लावल्याचा खटका ऐकू आला आणि पोटात कळ आली. अजून ते वर्गात आले नव्हते, मला कुणी काही विचारलं नव्हतं. उभी राहिले तेव्हा ‘एकोणीस सक’च्या पुढं सगळं पांढरं झालेलं. परत फोक.

पाव्हलॉव्हच्या पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेतली कुत्री आधी अन्न तोंडात पडल्यावर लाळ गाळायची, मग अन्न आणणाऱ्या माणसाची पावलं ऐकूनच गाळायला लागली. माझं पोट त्या खटक्याला तसंच शिकलं होतं. गुरुजींना वाटत होतं की ते मला पाढा शिकवतायत. मी शिकत होते ते ‘सायकलचा खटका म्हणजे मार’ आणि ‘पाढा म्हणजे मार’.

पुढचा भाग स्किनरचा. पोट खरंच दुखायचं, म्हणून आईनं दोनदा घरी ठेवलं. घरी राहिले की दहा मिनिटांत कळ थांबायची. सुटका झाली, म्हणजे ऋण प्रबलन झालं. मग पोटदुखी वाढत गेली, कारण ती उपयोगी पडत होती. मी ढोंग करत नव्हते, हे मला आजही ठासून सांगावंसं वाटतं. मॉवरर या मानसशास्त्रज्ञानं १९४७ मध्ये नेमकी हीच जोडी मांडली: भीती बसते ती अभिजात मार्गानं आणि टाळाटाळ पक्की होते ती साधक मार्गानं. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला विचाराल तर हे आहे. फरक पाठ करा, पण पोर वर्गात असेल तेव्हा दोन्हीकडं बघा.

अण्णांना, म्हणजे वडिलांना, आईनं वळ दाखवले. ते म्हणाले, “गुरुजींनी मारलं म्हंजे काय तरी असंल. माराबिगर डोक्यात शिरत न्हाई.” विषय संपला.

त्याच पावसाळ्यात आमची म्हैस व्यायली. धार अण्णाच काढायचे. पुढं आंबोणाची पाटी, आधी रेडकू लावायचं, मग बाजूला घेऊन कास धुवायची, तोंडानं एक हलकी शीळ. कासंडीचा आवाज आला की म्हैस रवंथ करत पाय फाकवून उभी राहायची आणि पान्हा सोडायची. एकदा अण्णा लग्नाला गेले आणि धार गड्याकडं आली. म्हशीनं पाय झाडला, कासंडी लवंडली. त्यानं दाव्याजवळच्या काठीनं तिच्या पुठ्ठ्यावर चारपाच ठेवून दिल्या. त्या वेळी दूध नाहीच. संध्याकाळीही नाही. कासंडी वाजली की म्हैस ताठ व्हायची आणि पान्हा चोरायची.

अण्णा आले. त्यांनी गड्याला एवढं फैलावर घेतलं की शेजारची माणसं जमली. गडी म्हणाला, “जनावर हाय ते अण्णा, तेला काय कळतंय?” अण्णा म्हणाले, “तिला कळतंय म्हणूनच सांगतो. धारंच्या वक्ताला काठी नगं. काठीनं दूध येत न्हाई, असतं तेबी वर चढतं.”

मी दारात उभी होते, पोटरीवरचे वळ अजून पिवळे होते. नऊ वर्षांची पोर बापाला काय विचारणार? पण मला तेव्हाच कळलं होतं की जे म्हशीसाठी खरं आहे ते माझ्यासाठीही खरं असायला हवं.

म्हशीला त्यांनी कसं वळणावर आणलं ते सांगते, कारण यात एक अख्खा प्रयोग आहे. पहिले दोनतीन दिवस धार काढायचा हट्टच केला नाही, रेडकालाच पिऊ दिलं. तिच्या पुढ्यात आंबोण ठेवून नुसते शेजारी बसायचे. मग रिकामी कासंडी घेऊन लांब बसले, ती खात असताना. रोज थोडं जवळ. मग कासेला हात. आठवड्याच्या आत धार सुरळीत झाली. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती अशीच घालवली: तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, मग दर वेळी जरा जवळ आणायचा. त्याच्या चार वर्षं आधी वॉटसननं बाल्टिमोरमध्ये एका तान्ह्या मुलाच्या मागं लोखंडी दांडी वाजवून त्याला पांढऱ्या उंदराची भीती बसवली होती. वॉटसन सगळ्या नोट्समध्ये असतो, जोन्सबाई बऱ्याच नोट्समध्ये नसतात. भीती घालवणारीपेक्षा बसवणारा आपल्याला जास्त पाठ, हे मला खटकतं.

पान्ह्यामागचं शरीरशास्त्रही मला नंतर कळलं. ओळखीचा आवाज, वास, हात यांनी मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि दूध खाली उतरतं. जनावर घाबरलं की अ‍ॅड्रिनलिन त्याला अडवतं. म्हशीच्या कासेत खालच्या पोकळीत आयतं दूध फार थोडं असतं, म्हणून गाईपेक्षा तिच्यात हे लवकर दिसतं. अण्णांचं ‘वर चढतं’ हे त्यांच्या भाषेत बरोबरच होतं. डीएडला पाव्हलॉव्ह शिकवला तेव्हा बाकीच्या मुलींना कुत्रा दिसला असेल, मला आमचा गोठा दिसला. मी वर्गात रडले होते.

आता दादाचं. माझा थोरला भाऊ त्याच शाळेत, त्याच गुरुजींच्या हाताखाली शिकला आणि इंजिनिअर झाला. गेली वीस वर्षं आमचं एकच भांडण चालू आहे. तो म्हणतो, “मार खाल्ला म्हणून शिकलो.” तुमची धाकाची ओळ वाचताना मला त्याचाच आवाज ऐकू आला.

दादा, मार खाल्लास हे खरं. शिकलास हेही खरं. ‘म्हणून’ कुठून आणलंस? रेस्कॉर्ला यांनी १९६८ मध्ये उंदरांवर दाखवलं की आवाज आणि विजेचा झटका नुसते एकत्र आले म्हणून उंदीर आवाजाला घाबरत नाही. आवाज नसतानाही झटके तितकेच बसत असतील, तर त्या आवाजाला त्याच्या लेखी अर्थ उरत नाही. एक गोष्ट नसताना काय होतं, हेही बघावं लागतं. आपल्या वर्गांत मार सगळ्यांनाच होता. तुझ्या बाकावरची दोघं सातवीनंतर शाळेत दिसली नाहीत. त्यांनी तुझ्यापेक्षा जास्त खाल्ला होता. त्यांना कोणी विचारत नाही, कारण ‘मला माराने घडवलं’ असं सांगायला जे घडले तेच उरतात. आणि तुला गणित आवडायचं. सुट्टीत गुरं राखताना तू दगड मांडून वर्गसंख्या शोधायचास, तेव्हा फोक घेऊन कोण उभं होतं? टोलमन आणि होन्झिक यांचे उंदीर (१९३०) दहा दिवस भुलभुलैयात काहीही बक्षीस नसताना नुसते हिंडले. अकराव्या दिवशी अन्न ठेवलं आणि लगोलग ते पहिल्यापासून अन्न मिळणाऱ्यांच्या बरोबरीला आले. शिकणं आधीच झालेलं होतं.

‘दुःखद परिणामानं वर्तन सुटतं’ म्हणून ज्या थॉर्नडाइकचा दाखला देतात, त्याचे पेटीत कोंडलेल्या मांजरांवरचे प्रयोग १८९८ चे. १९३० च्या दशकात त्यानं स्वतःच माघार घेतली: बक्षिसानं संबंध पक्का होतो, पण शिक्षेनं तितकाच सैल होतो असं नाही. आपण अजून त्याचं जुनंच वाक्य मुलांकडून घोटून घेतो. स्किनरनं १९३८ मध्ये दांडा दाबणाऱ्या उंदरांच्या पंजांवर सुरुवातीला थोडा वेळ फटके बसतील अशी सोय केली. तेवढ्यापुरतं दाबणं थांबलं. फटके बंद झाल्यावर हळूहळू त्यांनी फटके न खाल्लेल्यांइतकंच दाबलं. मार दाबतो, पुसत नाही. आणि नवीन काही शिकवत तर मुळीच नाही. ‘एकोणीस सक एकशे चौदा’ हे फोकात कुठं लिहिलेलं असतं?

गेल्या मे महिन्यात दादाच्या घरी होते. भाचा पाचवीत आहे. भागाकार चुकला म्हणून दादानं जेवणाच्या ताटावर त्याच्या कानाखाली मारली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, “असंच शिकलो आपण.” अगदी अण्णांचा हात, अण्णांचा सूर. बँडुरांच्या १९६१ च्या प्रयोगात ७२ मुलं होती. मोठ्या माणसाला हवेच्या बाहुलीला बडवताना ज्यांनी पाहिलं, त्यांनी तोच हातोडा, तेच शब्द वापरून बाहुलीला बडवलं. दादा, माराच्या वेळी तू जे शिकलास ते हे. भागाकार तू दगडांवर शिकला होतास.

तुम्हाला काही गोष्टी न सांगता सोडलं तर अन्याय होईल. शिक्षा कधीच चालत नाही असं विज्ञान म्हणत नाही. ताबडतोब, दर वेळी आणि पुरेशी कडक असेल तर ती वर्तन थांबवते, हेही प्रयोगांतच दिसलंय. फक्त ‘पुरेशी कडक’चा अर्थ पोराच्या बाबतीत काय होतो ते बघा, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मारणं बंदच केलंय. धाक आणि शिस्त यांत मी फरक करते. माझ्या वर्गात नियम आहेत, मोडले तर खेळाचा तास कापला जातो, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. मूल म्हणजे म्हैस नाही, हेही मान्य. मुलाला भाषा असते, कारण सांगता येतं; मानसशास्त्रज्ञ कोहलरच्या तेनेरिफ बेटावरच्या सुलतान नावाच्या चिंपांझीला दोन काठ्या जोडायचं एकदम सुचलं, तसं मुलांना घडीघडीला सुचत असतं, ते लाळेनं आणि दांड्यानं समजत नाही. माझ्याकडं एका घराची गोष्ट आहे, पाहणी नाही. पण भीतीचा भाग, पोटातल्या कळेचा, तो जनावरात आणि आपल्यात जवळजवळ सारखाच आहे, म्हणून कुत्र्या-उंदरांचे प्रयोग लागू होतात ते तिथं सगळ्यात जास्त.

परीक्षेत ‘अध्ययनास प्रवृत्त करण्याचा परिणामकारक मार्ग’ असा प्रश्न आला तर प्रबलनावर खूण करा. नोकरी लागल्यावर मुलांना पाढे उभं करून विचारू नका. मी जोडीजोडीनं बसवून म्हणायला लावते, अडलं की जोडीदार सांगतो, आणि पुन्हा पहिल्यापासून नाही, तिथूनच पुढं.

अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. म्हशीबद्दल बोलत होता तसं माझ्याबद्दल का नाही बोललात, हे त्यांना विचारायचं राहिलं. दादानं हे वाचलं तर त्यानं लिहून उत्तर द्यावं, फोन करू नये. फोनवर त्याचा आवाज चढतो, आणि चढलेल्या आवाजात मला अजूनही ‘एकोणीस सक’च्या पुढचं आठवत नाही.