पिक्चर पाहिला, मग पुस्तक कशाला?

प्रश्न: जॉन फोर्डचा ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ बघितला, जाम आवडला. आता स्टाइनबेकची कादंबरी वाचायलाच हवी का, की तेच सगळं आहे?

उत्तर: वाचाच हो! मंदीच्या काळात जमीन गेल्यामुळे घर सोडून कॅलिफोर्नियाला निघालेल्या जोड कुटुंबाची ही गोष्ट. कादंबरी १९३९ ची, पिक्चर लगेच १९४० ला आला, आणि आहे भारीच, जेन डार्वेलला आईच्या रोलसाठी ऑस्कर मिळालं ते काय उगाच नाही. घर सोडायच्या आधी ती जुने कागद जाळते, कानातले कानाशी धरून आरशात बघते, एक शब्द बोलत नाही पण सगळं कळतं. पण क्रम फिरवलाय ना! कादंबरीत स्थलांतरित मजुरांसाठीचा, जरा बरा असा सरकारी कॅम्प आधी येतो आणि मग हाल वाढतच जातात, पिक्चरमध्ये तोच कॅम्प शेवटाकडे ढकललाय, त्यामुळे आता बरं होणार असं वाटत राहतं. पुस्तकाचा शेवट फार वेगळा, पूर, मृत जन्मलेलं बाळ, आणि त्या बाळाची आई, म्हणजे घरातली मुलगी रोझ ऑफ शॅरन, उपाशी अनोळखी माणसाला अंगावर पाजते, हे तेव्हाच्या हॉलिवूडमध्ये कोण दाखवणार? (शेवट आधी कळला तरी काही बिघडत नाही.) माझ्या मते पुस्तकातला राग पडद्यावर निम्माच उतरलाय. आणि रस्ता ओलांडणाऱ्या कासवाचं ते छोटं प्रकरण, ते तर गायबच आहे.