वाहतूक अभियांत्रिकीत संशोधन सुरू करताना

पहिल्याच वर्षी संपूर्ण मुंबईसाठी स्वयंचलित सिग्नल यंत्रणा उभारण्याचा आपला उत्साह मोलाचा आहे, तो टिकवा. मात्र आरंभी एकच चौक निवडा आणि तेथे उभे राहून वाहने मोजा.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे मार्गिकांची शिस्त असलेल्या परदेशी वाहतुकीसाठी घडवलेली प्रारूपे (वाहतुकीचा अंदाज देणारी गणिती मॉडेल) येथे जशीच्या तशी वापरणे. आपल्याकडे दुचाकी, रिक्षा आणि बेस्टच्या बसगाड्या एकाच रस्त्यावर मार्गिका न पाळता चालतात. शिवाय वांद्रे व शीवच्या दक्षिणेला रिक्षांना प्रवेश नसल्यामुळे अंधेरीच्या चौकात काढलेली मूल्ये दादरला लागू पडतील, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून २०१७ च्या इंडो-एचसीएम या भारतीय रस्त्यांच्या वहनक्षमतेविषयीच्या नियमावलीतील सिग्नल असलेल्या चौकांचे प्रकरण आधी वाचा.

पुढे एवढे सांभाळा:

- प्रारूप ज्या आकड्यांवर बेतले, त्याच आकड्यांवर ते तपासू नका. दुसऱ्या दिवसाची मोजणी त्यासाठी राखून ठेवा.
- पावसाळी आणि कोरड्या दिवसांच्या नोंदी एकत्र करू नका.
- विलंब केवळ वाहनांचा नव्हे, माणसांचाही मोजा. भरलेली बस आणि एकटा मोटारचालक यांना समान वजन देणे मला अन्यायकारक वाटते.

सिम्युलेशनसाठी, म्हणजे संगणकावर वाहतुकीची नक्कल करण्यासाठी, सुमो हे मुक्त सॉफ्टवेअर सध्या पुरेसे आहे. डीप लर्निंगकडे (मोठ्या माहितीसाठ्यावरून संगणकाला शिकवण्याच्या तंत्राकडे) पहिल्या चौकाचे काम झाल्यावर वळा.