पणजोबा पहिल्या महायुद्धात बोटीवर गेले असं घरात सांगतात. त्यांचा माग कसा काढावा?

तुमच्या प्रश्नातून मला एवढं कळलं: पणजोबा हर्णैच्या बाजूचे, पी अँड ओ या विलायती बोट कंपनीच्या ‘कैसरेहिंद’ बोटीवर कामाला होते, आणि पहिल्या लढाईत ती बोट बुडाली त्यात गेले. घरात एक फोटो आहे, कागद एकही नाही.

यातली एक गोष्ट लगेच बाजूला काढता येते. कैसर-इ-हिंद त्या लढाईत बुडाली नाही. या नावाच्या पी अँड ओच्या दोन बोटी होत्या, एक १८७८ची आणि दुसरी १९१४ची. दुसरी लढाईतून सुखरूप निघाली आणि १९३८ साली भंगारात गेली. तेव्हा पणजोबा एक तर तिच्यावर काही वर्षं होते आणि गेले दुसऱ्याच बोटीवरून, नाही तर ते लढाईत गेलेच नाहीत. मला पहिली शक्यता जास्त वाटते. आपला खलाशी एका बोटीवर जन्म काढत नसे. सफर संपली की मुंबईत हिशेब घ्यायचा, काही महिने गावाला काढायचे आणि पैसे संपत आले की पुन्हा गोदीचा रस्ता धरायचा. तिथे जी बोट मिळेल ती आपली. घरच्यांच्या तोंडात मात्र त्यातल्या सगळ्यात नामांकित बोटीचं नाव राहतं. (आमच्याकडे ज्याचा त्याचा आजा बोटीवर कॅप्टनच होता, त्यातलाच हा प्रकार.)

मग कुठली बोट? मुंबईच्या वाटेवरच्या किंवा मुंबईची माणसं असलेल्या पी अँड ओच्या बऱ्याच बोटी त्या चार वर्षांत गेल्या. सगळ्यात मोठा घाव ‘पर्शिया’चा. ३० डिसेंबर १९१५ रोजी ती लंडनहून मुंबईला येत असताना क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो सोडला. दुपारच्या जेवणाची वेळ होती, आणि बोट काही मिनिटांत तळाला गेली. वरच्या ५१९ माणसांपैकी ३४३ गेली. त्यानंतर फेब्रुवारी १९१६ मध्ये ‘मालोजा’ डोव्हरजवळ सुरुंगावर आदळली, नोव्हेंबर १९१६ मध्ये भूमध्य समुद्रात ‘अरेबिया’ गेली, आणि जून १९१७ मध्ये ‘मंगोलिया’ तर मुंबईच्या दारातच, जर्मन जहाजाने पेरून ठेवलेल्या सुरुंगावर फुटली. शोध इथून सुरू करा, पण पी अँड ओवर अडून बसू नका. ब्रिटिश इंडिया, सिटी लाइन, क्लॅन लाइन या कंपन्यांच्या बोटींवरही आपली माणसं होती, आणि गावात कुठलीही विलायती बोट सांगताना ‘पीअँडओ’ म्हणायची पद्धत आहेच.

पहिलं काम घरबसल्या होण्यासारखं आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर ‘बॉम्बे १९१४-१९१८ मेमोरियल’ शोधा. हे स्मारक मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही अशा अखंड हिंदुस्थानातल्या दोन हजारांहून जास्त दर्यावर्दींची नावं त्यात आहेत. तिथे पणजोबांचं नाव टाकून शोधत बसू नका. पूर्ण यादी उतरवून घ्या आणि मृत्यूच्या तारखेप्रमाणे लावा. एकाच तारखेची नावं एकत्र आली की एकेक बोट आपोआप समोर येते, आणि मग त्या गठ्ठ्यात आपला माणूस बघायचा. बहुतेक नावांपुढे हुद्दा आणि बोटीचं नाव असतं, काहींच्या पुढे बापाचं नाव आणि गावही.

नाव टाकून का शोधायचं नाही, ते सांगतो. बोटीच्या कागदावर आपल्या लोकांची आडनावं फारशी नसतात. माणसाचं नाव आणि बापाचं नाव, संपलं. अब्दुल्ला इस्माईल, दाऊद इब्राहिम, पांडू राघो. तुम्ही आज जे आडनाव लावता ते तेव्हा गावाबाहेर कुणी विचारतही नसे. त्यात लिहिणारा कारकून गोरा, सांगणारा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, कोकणी, मग इब्राहिमचा कधी इब्राम होतो, कधी एब्राइम. रत्नागिरीचंसुद्धा ‘रटनाघेरी’ झालेलं दिसेल. वय तर सरळ अंदाजाने टाकलेलं असायचं. एकाच माणसाचं वय दोन सफरींमध्ये पाच वर्षांनी कमी झालेलं मी पाहिलं आहे.

म्हणून माझं ठाम मत असं की माणसाच्या आधी बोट शोधावी, आणि बोटीवर सारंग. डेकवरचा अख्खा ताफा सारंगाच्या ओळखीने भरला जाई. तो आपल्या गावची, आपल्या नात्यातली पोरं घेऊन चढायचा. सारंगाखाली त्याचा दुय्यम तो तांडेल, मग सुकाणी, कसाब (बोटीचं सामान सांभाळणारा), खलाशी. पी अँड ओवर ढोबळ वाटणी अशी असे की डेकवर कोकणी आणि गुजराती, खाली इंजिनात पंजाबी आणि पठाण, सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या सेवेला, गोव्याचे. ही वाटणी प्रत्येक बोटीवर पाळली जाई असं नाही, पण तुमचे पणजोबा हर्णैचे असतील तर आधी डेकची यादी वाचा. त्यात तीन-चार नावं तुमच्या गावच्या घरांशी जुळली की पणजोबा तिथेच आसपास असणार.

मला स्वतःला हे असंच सापडलं. माझ्या आईचे आजोबा राजापूरकडचे, जैतापूरच्या खाडीवरचे. त्यांच्या नावाची माणसं खलाशांच्या यादीत डझनांनी निघाली आणि कुठला आपला ते कळेना. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांच्या सारंगाचं नाव सांगितलं, कारण तो सारंग त्यांचा चुलत आजा होता. मग मी सारंगाच्या मागे लागलो. तो सापडला अमेरिकेत! १९१७च्या कायद्यानंतर अमेरिकन बंदरात येणाऱ्या प्रत्येक बोटीला परदेशी खलाशांची यादी द्यावी लागे, आणि न्यूयॉर्कच्या अशा याद्या ‘फॅमिली सर्च’ या संकेतस्थळावर खातं उघडून फुकट पाहता येतात. ही यादी म्हणजे खजिना आहे. नाव, हुद्दा, समुद्रावर किती वर्षं काढली, कुठल्या बंदरात भरती झाला, वय, वाचता येतं का, उंची, वजन, अंगावरच्या खुणा. सारंगाच्या नावाखाली सातव्या ओळीत आईचे आजोबा होते, बापाच्या नावासकट. हुद्दा सुकाणी. उंची पाच फूट चार इंच, आणि खुणांच्या रकान्यात डाव्या भुवईवरचा व्रण. आईला फोनवर वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “तो व्रण माडावरून पडले त्याचा.” घरात कॅप्टन कॅप्टन म्हणत, ते प्रकरण तिथेच मिटलं. खरं तर सुकाणी हा काही लहान हुद्दा नाही, बोटीचं चक्र त्याच्या हातात असतं.

तुमच्या पणजोबांच्या बाबतीत अमेरिकेच्या याद्या बहुधा उशिराच्या ठरतील. तुमच्यासाठी जास्त कामाची गोष्ट म्हणजे १९१५च्या खलाशी-याद्या. ग्रिनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियमने आणि लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जने मिळून त्या वर्षाच्या सुमारे ३९,००० याद्यांची नोंद फुकट उपलब्ध करून दिली आहे, साडेसात लाखांहून जास्त नावं. हिंदुस्थानी खलाशांचे करार वेगळ्या कागदावर होत, त्यामुळे प्रत्येक बोटीची त्यांची यादी तिथे असेलच असं नाही. पण बोटीच्या नावाने शोधून पाहायला पाच मिनिटं लागतात. बाकीच्या वर्षांच्या याद्यांची विभागणी विचित्र आहे. पाचाने संपणारी बहुतेक वर्षं ग्रिनिचला, दर वर्षाचा साधारण दहावा भाग नमुना म्हणून लंडनच्या क्यू इथे, आणि उरलेल्यातला मोठा भाग चक्क कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल युनिव्हर्सिटीत. तिथून प्रत मागवायची तर पैसे पडतात आणि बोटीचा अधिकृत क्रमांक लागतो. हा क्रमांक बोटीला जन्मभर एकच असतो, नाव बदललं तरी बदलत नाही. एका नावाच्या दोन कैसर-इ-हिंद वेगळ्या करायला हाच खात्रीचा उपाय. क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्टच्या संकेतस्थळावर तो मिळतो.

आता गावाकडे. बहुतेक लोक याला शेवटी हात घालतात, मी म्हणतो याच महिन्यात घाला. पणजोबांच्या नावावर जमीन असेल तर ते गेल्यावर वारस नोंद झाली असणार आणि तिचा फेरफार तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात असणार. फेरफारात ‘मयत’ लिहून कधीकधी केव्हा, कुठे तेही लिहिलेलं असतं. जन्म-मृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात सापडते, पण समुद्रावर गेलेल्याची तिथे असण्याचा भरवसा नाही. तुम्हाला त्यातून त्यांच्या मुलांचे जन्म हवे आहेत. जुने कागद मोडी लिपीत असतील. मोडी वाचणारी माणसं हल्ली बरीच मिळतात, जातीच्या दाखल्यांमुळे त्यांचा धंदा बरा चालला आहे. एक अडचण मात्र खरी: रत्नागिरीत खोती होती, म्हणजे गावच्या जमिनीचा वसूल खोताकडे असे, ती गेली १९४९च्या कायद्याने. तुमचं घर खोताचं कूळ असेल तर त्या काळात जमिनीच्या कागदावर मालक म्हणून पणजोबा दिसणारच नाहीत. अशा वेळी घरठाण, मशिदीची किंवा देवळाची वर्गणी-वही, नाही तर खोतांच्या घरातलं दप्तर, जे दाखवतील ते पाहायचं.

फोटोकडे पुन्हा एकदा नीट बघा. छातीवर साखळी आणि तिला शिट्टी असेल तर तो साधा खलाशी नव्हे, सारंग किंवा तांडेल. कमरेला बांधलेला रुमाल आणि गुडघ्यापर्यंतचा गडद अंगरखा असेल तर डेकचा गणवेश. फोटो मागून पाहा; स्टुडिओचा छाप लंडनचा आहे की सिडनीचा, त्यावरून बोट कुठल्या मार्गावर होती ते कळतं. सिडनीचा निघाला तर सिडनीला आलेल्या बोटींच्या १९२२ पर्यंतच्या याद्या ‘मरिनर्स अँड शिप्स’ नावाच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. काहींत एकेक नाव आहे, काहींत नुसता ‘इतके लस्कर’ (म्हणजे हिंदुस्थानी खलाशी) असा आकडा. घरात पदक असेल तर त्याची कड भिंगातून पाहा, पहिल्या लढाईच्या मर्कंटाइल मरीन पदकाच्या कडेवर नाव कोरलेलं असतं. आणि पत्र्याची लांबट नळी कुठे माळ्यावर पडली आहे का, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. खलाशी आपला नोकरीचा दाखला तीत गुंडाळून ठेवत, दाखल्यालाच नळी म्हणत. घरं बदलताना ती भंगारवाल्याकडे जाते, आतला कागद कुणी पाहत नाही.

मुंबईच्या कचेऱ्यांत लगेच खेपा घालू नका. बोटीचं नाव आणि साल हातात नसताना तिथे कुणी काही शोधून देत नाही, त्यांचाही दोष नाही. बोट ठरली की एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात मरीन खात्याची दप्तरं पाहता येतील. ‘वंशावळ काढून देतो’ म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा. वर सांगितलेलं जवळजवळ सगळं फुकट आहे.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र तुम्हीच द्यायला हवं: तुमचे आजोबा, म्हणजे पणजोबांचे चिरंजीव, कधी जन्मले? शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्यांची जन्मतारीख मिळेल. १ जून असेल तर दिवसावर विश्वास ठेवू नका, ती मास्तरांनी टाकलेली असते. साल साधारण बरोबर असतं. धाकट्या भावंडांचीही पाहा. सगळ्यात धाकट्याचं साल १९१७ किंवा पुढचं निघालं तर पर्शिया आणि मालोजा यादीतून बाद, मग अरेबिया, मंगोलिया आणि त्यानंतरच्या बोटी पाहू. १९२०च्या पुढचं निघालं तर पणजोबा लढाईतून घरी परत आले होते, आणि मग शोध अमेरिकेच्या त्या याद्यांपासून सुरू करायचा. साल मिळालं की इथेच लिहा, तारखेची यादी मी माझ्याकडे लावून ठेवली आहे.